पॅकेट नेमकं कुठे अडतं? एआरपी, आयसीएमपीपासून ओएसपीएफ, बीजीपीपर्यंत हाताने तपासायची पद्धत

कोणत्याही राउटरला पॅकेटचा पूर्ण रस्ता माहीत नसतो. समोर आलेलं पॅकेट कुठल्या पोर्टमधून, कुठल्या शेजाऱ्याकडे ढकलायचं, एवढंच तो ठरवतो. पुढच्या राउटरवर तोच निर्णय नव्याने होतो. उत्तर परत येतं तेव्हा हे सगळे निर्णय उलट बाजूने पुन्हा पहिल्यापासून होतात. जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच असेल, याची हमी कुणीच दिलेली नसते. नेटवर्कमधले अवघड बिघाड बहुतेक वेळा एवढी गोष्ट विसरल्यामुळे लांबतात.

म्हणून इथे प्रोटोकॉल पुस्तकातल्या क्रमाने घेतलेले नाहीत, बिघाड शोधताना जसे हाताशी येतात तसे घेतले आहेत. आधी शेजारी सापडतो का, मग पत्ता बरोबर मिळाला का, नेटवर्क काय तक्रार करतंय, राउटरच्या टेबलात काय आहे, आणि शेवटी ते टेबल कुणी भरलं (ओएसपीएफ, बीजीपी हे ते भरणारे प्रोटोकॉल). सामान फार लागत नाही: रूटचा पासवर्ड असलेलं एक लिनक्स मशीन, तारेवरची पॅकेटं दाखवणारं टीसीपीडम्प किंवा वायरशार्क, आणि दुसऱ्या भागासाठी एफआरआर हे मोफत राउटिंग सॉफ्टवेअर.

शेजारी सापडतो का: एआरपी

आयपी पत्ता माहीत असून भागत नाही. इथरनेटच्या तारेवर फ्रेम सोडायची तर समोरच्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता, लागतो. तो विचारण्याचं काम १९८२ पासून एआरपी करतो. टीसीपीडम्पला फक्त एआरपी दाखवायला सांगा आणि दुसऱ्या खिडकीतून लॅनमधल्या एखाद्या मशीनला पिंग मारा. दोन ओळी दिसतील. पहिली सगळ्यांना उद्देशून: '१९२.१६८.१०.१ कोणाकडे आहे? १९२.१६८.१०.२० ला सांगा'. दुसरी फक्त विचारणाऱ्याला: '१९२.१६८.१०.१ या मॅकवर आहे'. पहिली ओळ सेकंदासेकंदाला येत राहिली आणि दुसरी आलीच नाही, तर पुढचं काहीही तपासू नका. बिघाड केबल, स्विच पोर्ट, व्हीलॅन (स्विचवर वेगळं काढलेलं आभासी लॅन) किंवा समोरचं मशीन यांतच आहे.

मिळालेलं उत्तर मशीन काही वेळ जपून ठेवतं. लिनक्सवर 'आयपी नेबर' ही आज्ञा दिली की यादी दिसते. 'रीचेबल' म्हणजे ताजी खात्री आहे, 'स्टेल' म्हणजे नोंद जुनी आहे पण वापरता येते, 'फेल्ड' म्हणजे विचारलं पण कुणी बोललं नाही. स्टेल पाहून घाबरायचं कारण नाही, ती रोजची अवस्था आहे.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली चुकीच्या सबनेट मास्कची, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणाऱ्या आकड्याची. मशीनवर /२४ ऐवजी /१६ टाकला, तर १९२.१६८.२०.५ हे आपल्याच लॅनमध्ये आहे असं त्याला वाटतं. ते पॅकेट गेटवेकडे देतच नाही, थेट एआरपीने विचारत बसतं आणि उत्तर येत नाही. राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल तर राउटर स्वतःचा मॅक देऊन वेळ मारून नेतो. मग काही जागी चालतं, काही जागी नाही, आणि खरी चूक महिनोन् महिने झाकलेली राहते. प्रॉक्सी एआरपी बंद ठेवलेलाच बरा.

दुसरी, एकच आयपी दोन मशीनवर. आरपिंग या साधनाने त्या पत्त्याची एआरपी विचारणा करा. दोन वेगळ्या मॅकवरून उत्तरं आली की निकाल लागला.

तिसरी फायरवॉल किंवा राउटर बदलल्यावर होते. नव्या यंत्राला जुनाच आयपी दिला, सगळं बरोबर आहे, तरी नेट चालत नाही. कारण पलीकडच्या राउटरकडे जुन्या यंत्राचा मॅक जपलेला असतो. सिस्को राउटरवर ही नोंद मुळात ४ तास टिकते. नव्या यंत्रातून न विचारता स्वतःची ओळख देणारा, म्हणजे ग्रॅच्युइटस एआरपी पाठवा, नाहीतर पलीकडच्या माणसाला एआरपीची नोंद पुसायला सांगा.

पत्ता कुठून आला: डीएचसीपी

मशीनला आयपी पत्ता आपोआप देण्याचं काम डीएचसीपी करतो. चार निरोपांचा खेळ आहे: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अॅक. सर्व्हर यूडीपी पोर्ट ६७ वर ऐकतो, क्लायंट ६८ वर. पत्ता ठरावीक मुदतीसाठी, म्हणजे लीजवर मिळतो. मुदतीचा निम्मा काळ गेला की क्लायंट त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागतो. तिथून उत्तर नाही आलं, तर ८७.५ टक्के मुदत सरल्यावर कुठल्याही सर्व्हरला विचारतो.

विंडोजच्या मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल तर मधल्या राउटरवर ती विचारणा पुढे पोहोचवणारा डीएचसीपी रिले लावला आहे का ते पाहा, कारण ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून सोडलेला निरोप, राउटर ओलांडून जात नाही. मंगल कार्यालय, वाचनालय, कॅन्टीन अशा ठिकाणी वाय-फायचा पूल संपतो. /२४ मध्ये जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात. लीज २४ तासांची ठेवली, तर सकाळी येऊन गेलेल्यांचे फोन संध्याकाळच्या लोकांच्या जागा अडवून बसतात. तिथे लीज १ तासाची करा.

अचानक काही मशीनना वेगळ्याच रेंजचा पत्ता आणि वेगळाच गेटवे मिळाला, तर कुणीतरी घरचा वाय-फाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट ऑफिसच्या स्विचला जोडला आहे. मिळालेल्या गेटवेचा मॅक एआरपीच्या यादीत पाहा, स्विचच्या मॅक टेबलात तो कुठल्या पोर्टवर आहे ते शोधा आणि पोर्ट बंद करा. पुन्हा होऊ नये म्हणून स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे नको त्या पोर्टवरून आलेली डीएचसीपीची उत्तरं अडवणारी सोय, चालू करा.

नेटवर्कचं स्वतःचं बोलणं: आयसीएमपी

आयसीएमपी म्हणजे पिंग, असा समज आहे. खरं तर पॅकेट टाकून द्यावं लागलं की राउटर पाठवणाऱ्याला कारण कळवतो, ते कळवण्याची ही सोय आहे. १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ती लिहून काढली. पिंग हे साधन नंतरचं, डिसेंबर १९८३ मध्ये माइक मस यांनी केलेलं. प्रत्येक निरोपाला प्रकार आणि उपप्रकाराचा आकडा असतो. रोज लागणारे तेवढे लक्षात ठेवा: प्रकार ८ विचारणा, ० उत्तर, ३ म्हणजे पोहोचवता येत नाही, ११ म्हणजे टीटीएल, म्हणजे पॅकेटला उरलेल्या टप्प्यांची मोजणी, संपला. प्रकार ३ मध्ये उपप्रकार १ म्हणजे ते मशीन सापडत नाही, ३ म्हणजे तो पोर्ट बंद, ४ म्हणजे पॅकेट मोठं आहे पण तुकडे करायला मनाई आहे, १३ म्हणजे फायरवॉलने अडवलं. चूक कळवणाऱ्या निरोपात मूळ पॅकेटचा आयपी हेडर आणि निदान पुढचे ८ बाइट असतात, म्हणून मशीनला कळतं की कुठल्या कनेक्शनची तक्रार आहे.

पिंग मारताना 'आलं का नाही' एवढंच पाहू नका. *उत्तर कोणाकडून आलं* ते वाचा.

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे पूर्ण शांतता. पॅकेट जाताना हरवलं, येताना हरवलं, किंवा समोरच्याने मुद्दाम गप्प राहायचं ठरवलं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' मात्र कुणीतरी सांगतो. तो पत्ता तुमच्याच मशीनचा असेल, तर तुमच्याच लॅनमध्ये एआरपीला उत्तर नाही. एखाद्या राउटरचा असेल, तर तिथपर्यंत सगळं नीट आहे आणि त्या राउटरपुढे अडलं आहे. 'टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट' आलं तर जवळजवळ नेहमीच दोन राउटर तेच पॅकेट एकमेकांकडे टोलवत आहेत.

उत्तरातला टीटीएलही बोलतो. लिनक्स ६४ ने सुरू करतं, विंडोज १२८ ने, बरेच राउटर २५५ ने. उत्तरात ५७ दिसले, तर ६४ वजा ५७, म्हणजे येताना ७ राउटर लागले. आज ५७ आणि उद्या ५४ दिसले, तर येण्याचा रस्ता बदलला आहे.

ट्रेसरूट याच टीटीएलचा उपयोग करतं. पहिलं पॅकेट टीटीएल १ ने सोडतं, पहिला राउटर ते मारून प्रकार ११ चा निरोप देतो. मग २, मग ३. लिनक्सवर मुळात यूडीपी पॅकेटं जातात, पोर्ट ३३४३४ पासून, प्रत्येक टप्प्याला तीन. विंडोजवर आयसीएमपी विचारणा जाते. त्यामुळे एकाच ऑफिसमधल्या दोन मशीनवर ट्रेसरूट वेगळं दिसू शकतं, कारण मधली फायरवॉल एकाला सोडते, दुसऱ्याला नाही.

ट्रेसरूट चुकीचं वाचून सर्व्हिस प्रोव्हायडरशी भांडण काढणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. मधल्या टप्प्याला तीन फुल्या आल्या आणि पुढचे टप्पे व्यवस्थित दिसले, तर तिथे काहीही बिघडलेलं नाही. तो राउटर पॅकेटं पुढे पाठवतोय, फक्त निरोप लिहायला त्याने मर्यादा घातली आहे. तसंच एखाद्या टप्प्याला १८० मिलिसेकंद आणि पुढच्याला परत १२ दिसले, तर त्या राउटरचा प्रोसेसर निरोप लिहायला उशीर लावतोय. वाढलेला वेळ *त्या टप्प्यापासून शेवटपर्यंत* टिकून राहिला तरच तक्रार करा. आणि प्रत्येक आकड्यात येण्याचा रस्ताही मोजलेला असतो, तो ट्रेसरूटमध्ये दिसत नाही. म्हणून तक्रारीसोबत दोन्ही टोकांकडून काढलेलं ट्रेसरूट जोडा.

वेळ बरोबर आहे का, हे अंतरावरून ताडता येतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद धरा. मुंबई-दिल्ली सरळ रेषेत ११५० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांच्या खाली येणं शक्यच नाही. केबल वळणावळणाने जाते, म्हणून प्रत्यक्षात बरंच जास्त लागतं. पण पुण्यातून मुंबईतल्या सर्व्हरला ६० मिलिसेकंद लागत असतील, तर पॅकेट दुसऱ्या शहरातून फिरून येतंय. तुमचा प्रोव्हायडर आणि त्या सर्व्हरचा प्रोव्हायडर मुंबईत एकमेकांना भेटत नाहीत, हे त्याचं नेहमीचं कारण. देशातली वाहतूक देशातच एका प्रोव्हायडरकडून दुसऱ्याकडे जावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली, मुंबईतही तिचं केंद्र आहे. अशी केंद्रं असूनही तिथे जोडून घेणं प्रोव्हायडरने स्वतः करायचं असतं.

पहिल्या-दुसऱ्या टप्प्यालाच १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर बहुधा तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. अशा वेळी कॅमेऱ्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी चालणार नाही. स्वतंत्र स्टॅटिक आयपी मागा.

आता आयसीएमपीमधला सगळ्यात त्रासदायक भाग. पिंग चालतं, छोटी पानं उघडतात, पण बँकेची साइट लॉगिनवर अडकते, मोठी अटॅचमेंट जात नाही. हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा बिघाड आहे. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल १५०० बाइट. पीपीपीओई या ब्रॉडबँड लॉगिनच्या जोडणीत ८ बाइट त्याच्या हेडरला जातात, उरतात १४९२. मधल्या राउटरला १५०० चं पॅकेट पुढे नेता आलं नाही, की तो प्रकार ३ उपप्रकार ४ चा निरोप पाठवतो: 'इथे १४९२ च मावतात'. कुणीतरी 'सुरक्षेसाठी' सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं. निरोप पोहोचत नाही, पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि कनेक्शन लटकतं.

तपासणी अशी. लिनक्सवर पिंगला 'तुकडे करू नको' हा पर्याय द्या (-M do) आणि आकार १४७२ ठेवा (-s 1472). २० बाइट आयपी हेडर आणि ८ आयसीएमपीचे मिळून १५०० होतात. विंडोजवर -f आणि -l 1472. गेलं नाही तर १४६४ करून पाहा. ते गेलं तर रस्त्यात १४९२ ची लिंक आहे. व्हीपीएनवर याहून कमी मिळेल, वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२० आहे. उपाय दोन, आणि दोन्ही करा. फायरवॉलवर प्रकार ३ उपप्रकार ४ मोकळा सोडा. राउटरवर टीसीपी एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातल्या डेटाची कमाल मर्यादा, आवळा; १४९२ साठी तो १४५२ येतो. फक्त एमएसएस आवळून थांबलात तर टीसीपी सुधारेल, यूडीपीवर चालणारं तसंच राहील.

टेबलात काय आहे

राउटरच्या टेबलात समजा तीन नोंदी आहेत: १०.२०.०.०/१६ पुण्याकडे, १०.२०.३०.०/२४ नाशिककडे, ०.०.०.०/० बाहेर. १०.२०.३०.७ चं पॅकेट नाशिककडे जातं, कारण सगळ्यात लांब जुळणारा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा नेटवर्कचा भाग, जिंकतो. /१६ ची नोंद हाताने टाकलेली स्टॅटिक असो आणि /२४ ओएसपीएफने आणलेली असो, फरक पडत नाही. स्रोताचा विश्वास, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, फक्त *अगदी तोच प्रीफिक्स* दोन ठिकाणांहून आला तरच पाहिला जातो. तो कनेक्टेडसाठी ०, स्टॅटिक १, बाहेरचा बीजीपी २०, ओएसपीएफ ११०, आरआयपी १२०, आतला बीजीपी २००. मुलाखतीत गोंधळ होतो तो इथेच, आणि प्रत्यक्ष कामात तर महाग पडतो.

टीटीएल संपल्याचा निरोप येतो त्याचं एक नेहमीचं कारण बघा. प्रोव्हायडरने तुम्हाला २०३.०.११३.०/२४ दिला आणि त्याच्याकडे तुमच्या दिशेने स्टॅटिक नोंद आहे. तुम्ही अर्धाच भाग वापरला. उरलेल्या पत्त्यांसाठी आलेलं पॅकेट तुमच्या राउटरवर येतं, तिथे जुळणारी नोंद नाही, म्हणून डिफॉल्टने परत प्रोव्हायडरकडे जातं, तिथून पुन्हा तुमच्याकडे. टीटीएल संपेपर्यंत तीच ये-जा. कुणी मुद्दाम त्या पत्त्यांवर पॅकेटं सोडली तर तुमची लिंक भरून जाते. उपाय एका ओळीचा आहे: तुमच्या राउटरवर पूर्ण /२४ साठी नल, म्हणजे ब्लॅकहोल रूट (पॅकेट तिथेच टाकून देणारी नोंद) टाका. वापरातले छोटे प्रीफिक्स जास्त लांब असल्याने त्यांना धक्का लागत नाही.

प्रयोग: तीन राउटर आणि ओएसपीएफ

आरआयपी या जुन्या राउटिंग प्रोटोकॉलवर वेळ घालवू नका. दर ३० सेकंदांनी अख्खं टेबल शेजाऱ्याला देणं, १५ टप्प्यांची मर्यादा, आणि लिंक तुटल्यावर एकमेकांच्या जुन्या माहितीवर विश्वास ठेवत १६ पर्यंत मोजत बसणं. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर 'अमुक दूर आहे' असं ऐकीव सांगत नाही. आपल्या लिंक कोणत्या आणि त्यांचा खर्च किती, एवढंच तो जाहीर करतो. ती माहिती एरियातल्या, म्हणजे राउटरांच्या त्या गटातल्या सगळ्यांकडे जशीच्या तशी पोहोचते आणि जो तो स्वतः डायक्स्ट्राच्या पद्धतीने सगळ्यात स्वस्त रस्ता काढतो.

प्रत्येकी १ जीबी मेमरीची तीन व्हर्च्युअल मशीन घ्या: मुंबई, पुणे, नाशिक. त्रिकोणात जोडा. मुंबई-पुणे १०.०.१२.०/३०, पुणे-नाशिक १०.०.२३.०/३०, मुंबई-नाशिक १०.०.१३.०/३०. लॅन अनुक्रमे १०.१.०.०/२४, १०.२.०.०/२४, १०.३.०.०/२४, आणि प्रत्येक राउटर स्वतःच्या लॅनवर .१. राउटर आयडीसाठी १०.२५५.०.१, .२, .३.

१. एफआरआर बसवा. त्याच्या 'डेमन्स' फाइलमध्ये ओएसपीएफडी आणि बीजीपीडी यांच्यापुढचं 'नो' काढून 'येस' करा, सेवा पुन्हा सुरू करा. हे राहिलं तर ओएसपीएफ आणि बीजीपी सुरूच होत नाहीत.

२. कर्नलमध्ये आयपी फॉरवर्ड १ करा. हे विसरलं तर शेजारी जुळतात, टेबल भरतं आणि तरी एकही पॅकेट मशीन ओलांडून जात नाही.

३. व्हीटीवायएसएचमध्ये, म्हणजे एफआरआरला आज्ञा द्यायच्या खिडकीत जाऊन राउटर आयडी हाताने द्या. मशीनची नक्कल करून तिन्ही बनवली असतील, तर एकच आयडी दोघांकडे राहतो आणि टेबलातल्या नोंदी येत-जात राहतात.

४. प्रत्येक इंटरफेसवर एरिया ० लावा, /३० च्या लिंकना पॉइंट-टू-पॉइंट म्हणा, लॅनचा इंटरफेस पॅसिव्ह करा (तिथे शेजारी शोधायचा नाही) आणि सगळीकडे खर्च १० हाताने टाका. खर्च यंत्रावर सोडला तर जुना हिशोब १०० एमबीपीएसला १ धरतो. मग १०० एमबी, १ जीबी आणि १० जीबी तिन्ही लिंकचा खर्च सारखाच १ होतो.

ओएसपीएफ टीसीपी किंवा यूडीपी वापरत नाही, त्याचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक ८९ आहे. हॅलो, म्हणजे 'मी आहे' असे निरोप, २२४.०.०.५ वर जातात, दर १० सेकंदांनी. ४० सेकंद काही ऐकू आलं नाही तर शेजारी मेला असं धरतात. शेजाऱ्यांची यादी काढा, दोन्हींपुढे 'फुल' हवं. मुंबईवर १०.३.०.०/२४ ची नोंद [११०/२०] अशी दिसेल: ११० विश्वासाचा आकडा, २० खर्च, १० लिंकचा आणि १० नाशिकच्या लॅनचा.

'फुल' झालं नाही तर कुठल्या अवस्थेत अडलंय त्यावरून कारण सांगता येतं. यादीत कुणीच नाही: एरिया, हॅलो-डेडचे आकडे, मास्क किंवा पासवर्ड जुळत नाही, किंवा फायरवॉल प्रोटोकॉल ८९ अडवते. 'इनिट': त्याचं हॅलो तुम्हाला येतंय, तुमचं त्याला जात नाही. 'टू-वे': स्विचवर अनेक राउटर असतील तर डीआर आणि बीडीआर (निवडलेला प्रमुख आणि राखीव राउटर) सोडून इतरांमध्ये हीच योग्य अवस्था आहे, हात लावू नका. 'एक्सस्टार्ट' मध्ये अडकलं तर एमटीयू वेगळा. हे मुद्दाम करून बघा: एका टोकाचा एमटीयू १४०० करा, ओएसपीएफची प्रक्रिया पुसून सुरू करा. हॅलो छोटे असतात, ते जातात. टेबलाची देवाणघेवाण अडते. यावर 'एमटीयू इग्नोर' टाकणारे पुष्कळ आहेत. टाकू नका, एमटीयू जुळवा. नाहीतर मोठी अपडेट हरवायला लागतात आणि त्याचा शोध याहून कठीण असतो. 'फुल' आहे पण नोंदीच नाहीत, तर एका टोकाला पॉइंट-टू-पॉइंट आणि दुसऱ्याला ब्रॉडकास्ट आहे का ते पाहा.

आता या प्रयोगातला सगळ्यात शिकवणारा भाग. *फक्त मुंबईच्या* बाजूने मुंबई-नाशिक लिंकचा खर्च १०० करा. मुंबईहून नाशिकची लॅन आता थेट ११० ला पडते आणि पुण्यामार्गे ३० ला, म्हणून पॅकेट पुण्यावरून जातं. नाशिकने मात्र काही बदललेलं नाही, त्याचं उत्तर थेट येतं. मुंबईवरून १०.१.०.१ हा सोर्स देऊन १०.३.०.१ ला पिंग मारा. नाशिकवर आरपी फिल्टर १ असेल तर पिंग बंद पडेल, सगळे शेजारी 'फुल' असूनसुद्धा. कारण लिनक्स विचारतं: 'या सोर्सकडे जायचा माझा रस्ता थेट लिंकवरून आहे, मग हे पॅकेट पुण्याच्या लिंकवरून कसं आलं?' आणि ते टाकून देतं. फिल्टर २, म्हणजे सैल करा, पिंग सुरू होईल. 'ऑल' आणि त्या इंटरफेसचा, या दोन आकड्यांपैकी मोठा लागू होतो, म्हणून दोन्ही तपासा. दोन रस्त्यांवर दोन वेगळ्या फायरवॉल ठेवल्या की नेमकं हेच होतं, फक्त तिथे नोंद कनेक्शनच्या टेबलात असते. लिंकचा खर्च नेहमी दोन्ही टोकांना बदला.

लिंक तोडूनही पाहा. इंटरफेस पाडला तर लगेच कळतं. पण मध्ये स्विच असेल तर पलीकडचं टोक मेलं तरी आपला पोर्ट चालूच दिसतो आणि ४० सेकंद पॅकेटं खड्ड्यात जातात. तिथे बीएफडी, म्हणजे शेजारी जिवंत आहे का ते झटपट तपासणारा प्रोटोकॉल, लावा. ३०० मिलिसेकंदांचे तीन ठोके चुकले की सेकंदाच्या आत कळतं.

बाहेरचं जग: बीजीपी

ओएसपीएफ स्वस्त रस्ता शोधतो, बीजीपी *परवानगी असलेला* रस्ता शोधतो. बीजीपी चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेचा एएस क्रमांक, म्हणजे तिच्या जाळ्याचा ओळख क्रमांक असतो आणि प्रत्येक जाहिरातीसोबत ती कुठल्या एएसमधून आली ती साखळी येते. साखळीत स्वतःचा क्रमांक दिसला की राउटर ती नोंद नाकारतो, म्हणून लूप होत नाही. बोलणं टीसीपी पोर्ट १७९ वर.

चौथं मशीन प्रोव्हायडर म्हणून जोडा. त्याचा एएस ६४५००, मुंबईचा ६४५०१, दोन्ही उदाहरणांसाठी राखीव क्रमांक. मधली लिंक १९८.५१.१००.०/३०, प्रोव्हायडरच्या लूपबॅकवर, म्हणजे यंत्रातल्या आभासी इंटरफेसवर, १९२.०.२.१. मुंबईवर २०३.०.११३.०/२४ चा नल रूट टाकून तो बीजीपीत जाहीर करा. जाहीर करायचा प्रीफिक्स टेबलात अगदी त्याच लांबीचा नसेल तर तो बाहेर जात नाही. प्रोव्हायडरकडून डिफॉल्ट रूट पाठवा.

सेशन लागेल आणि तरी एकही नोंद येणार नाही. यादीत आकड्याच्या जागी 'पॉलिसी' असा शब्द दिसेल. नव्या एफआरआरमध्ये बाहेरच्या शेजाऱ्याला गाळणी लावल्याशिवाय काहीच देत-घेत नाहीत. ही चांगली सवय आहे, ती बंद करण्याची आज्ञा शोधू नका. चारही जागी, म्हणजे दोन्ही राउटरवर आत आणि बाहेर, प्रीफिक्स लिस्ट आणि रूटमॅप लावा. मुंबईची बाहेरची यादी एका ओळीची हवी: २०३.०.११३.०/२४, बाकी काही नाही.

सेशनची अवस्था वाचताना 'अॅक्टिव्ह' या शब्दाने फसू नका. त्याचा अर्थ अजून जोडणी झालेली नाही. पिंग जात असेल तर १७९ अडवला आहे किंवा समोर तुमचा पत्ता शेजारी म्हणून टाकलेलाच नाही. एएस क्रमांक चुकला तर सेशन क्षणभर पुढे सरकून परत 'आयडल' होतं आणि लॉगमध्ये तसं लिहिलेलं सापडतं. सेशन लागतं आणि होल्ड टाइम, बहुधा १८० सेकंद, सरला की पडतं, असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर परत एमटीयू. छोटे कीपअलाइव्ह जातात, मग मोठी अपडेट टीसीपीत अडकते आणि तिच्यामागे कीपअलाइव्हही अडकून राहतात.

मुंबईवरून ओएसपीएफमध्ये डिफॉल्ट सोडा, पण 'ऑलवेज' हा शब्द लावू नका. तो लावला तर प्रोव्हायडर बंद पडला तरी मुंबई 'माझ्याकडे द्या' असं सांगत राहते. मग पुण्यावरून १९२.०.२.१ ला पिंग मारा. उत्तर येणार नाही. पॅकेट पोहोचलं आहे, पण सोर्स १०.० चा, आणि प्रोव्हायडरकडे त्या पत्त्याकडे परत यायचा रस्ताच नाही. पुण्याच्या लूपबॅकवर २०३.०.११३.२ टाका, तो ओएसपीएफमध्ये घ्या आणि तोच सोर्स देऊन पिंग मारा. आता येईल.

दोन प्रोव्हायडर असतील तर बाहेर जाणारी वाहतूक लोकल प्रेफरन्सने वळवा. तो मुळात १०० असतो, ज्याचा जास्त तो जिंकतो. आत येणारी वाहतूक वळवणं तुमच्या हातात पूर्ण नसतं. स्वतःचा एएस दोन-तीनदा जोडून एक रस्ता लांब दाखवता येतो, पण पलीकडच्याने लोकल प्रेफरन्स लावला असेल तर त्याचा उपयोग होत नाही. आणि बाहेरची यादी विसरलात, तर एका प्रोव्हायडरच्या नोंदी दुसऱ्याला देऊन तुमची छोटी लिंक त्या दोघांमधला रस्ता बनते.

गाळणी नसली की काय होतं ते २४ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. यूट्यूब २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमला देशात यूट्यूब बंद करायचं होतं. त्यांनी २०८.६५.१५३.०/२४ ची नोंद केली, ती बाहेर गेली आणि त्यांच्या वरच्या प्रोव्हायडरने, पीसीसीडब्ल्यूने, न गाळता जगाला दिली. /२४ हा /२२ पेक्षा लांब, म्हणून जगभरची वाहतूक तिकडे वळली. यूट्यूबने आधी तोच /२४ जाहीर केला, मग दोन /२५ केले. दोन तासांहून थोड्या अधिक वेळाने पीसीसीडब्ल्यूने नोंदी काढल्यावर प्रकरण मिटलं.

आज यावर आरपीकेआय आहे. पत्ते देणाऱ्या नोंदणी संस्थेच्या यंत्रणेत 'हा प्रीफिक्स हा एएस जाहीर करू शकतो' असा सही केलेला दाखला, म्हणजे रोआ बनवा. भारतात पत्ते आणि एएस क्रमांक आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था देते. रोआमध्ये कमाल लांबी जाहीर करता तेवढीच ठेवा. /२४ जाहीर करता तर २४. 'पुढे लागेल' म्हणून सैल ठेवली तर तुमचा एएस साखळीच्या टोकाला खोटा लावून कुणीही छोटा तुकडा पळवू शकतो. शेजाऱ्यावर कमाल नोंदींची मर्यादाही घाला. फक्त डिफॉल्ट येणार असेल तर १० पुरे. पूर्ण टेबल घेणार असाल तर आयपीव्ही४ च्या नोंदी आता दहा लाखांच्या घरात आहेत, राउटरला तेवढ्या पेलतात का ते आधी पाहा.

दूरच्या राउटरवर बीजीपी बदलताना परतीची सोय आधी करा: सिस्कोवर 'रीलोड इन १०', जुनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड १०'. स्वतःचाच रस्ता कापला गेला तर १० मिनिटांनी जुनी मांडणी परत येते. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं अंतर्गत जाळं एका चुकीच्या आज्ञेने तुटलं, त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी स्वतःच्या बीजीपी जाहिराती मागे घेतल्या आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिल्या. अभियंत्यांची आतली साधनंही त्याच जाळ्यावर होती. राउटरच्या कन्सोलपर्यंत जाणारी जोडणी वेगळ्या प्रोव्हायडरची किंवा निदान मोबाइल सिमची ठेवा.

आयपीव्ही६ वर काय वेगळं

तिथे एआरपी नाही. शेजारी शोधणं आयसीएमपीव्ही६ च्या प्रकार १३५ आणि १३६ वर चालतं, राउटर सापडणं १३३ आणि १३४ वर. मधले राउटर पॅकेटचे तुकडे कधीच करत नाहीत, म्हणून 'पॅकेट मोठं आहे' हा प्रकार २ पोहोचलाच पाहिजे. आयपीव्ही४ चा 'सगळं आयसीएमपी बंद' हा नियम इथे लावला तर लॅनमधलं शेजारचं मशीनसुद्धा दिसणार नाही. लॅनच्या बाजूला १३३ ते १३६ मोकळे सोडा, प्रकार १, २, ३ आणि ४ सगळीकडे. मग 'तुकडे करू नको' वाला पिंग १४५२ आकाराने मारा: ४० चा हेडर आणि ८ मिळून १५०० होतात. तो गेला नाही आणि १२३२ चा गेला, तर रस्त्यात कुठेतरी १५०० पेक्षा छोटी लिंक आहे. मोठ्या पिंगनंतर प्रकार २ चा निरोप तुमच्यापर्यंत येतोय का, ते टीसीपीडम्पमध्ये तपासा.